ओसाडीचा आडोसा

अभयारण्याच्या चौकीवर जीप थांबली. वनरक्षकांनी वहीत आमची नावं लिहून घेतली आणि चारच्या आत परत या म्हणून सांगितलं. वर्षातून एकदा, पौषात, देवीच्या दिवशी आम्हाला आमच्याच गावात जाता येतं. दादा दरवर्षी जातो. मी बारा वर्षांनी जात होते.

चौकीपासून पुढं पायी. दोन दिवस आधी चार माणसं येऊन कोयत्यानं वाट काढून गेली होती. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढीच वाट, थेट देवळापर्यंत. दोन्ही अंगांना ओसाडी. डोक्याच्याही वर, भिंतीसारखी, आणि सगळी फुललेली.

पुस्तकात तिला रानमोडी म्हणतात. आम्ही ओसाडीच म्हणत आलो, कारण जिथं माणूस उठतो तिथं ती येते. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की ही सूर्यफुलाच्या कुळातली. तेव्हा आम्ही पोरी खूप हसलो होतो. सूर्यफूल कसं ताठ उभं राहून तोंड दाखवतं आणि हिची फुलं फुलं म्हणावीत अशी नसतातच. पाकळी नाही. पांढरट, किंचित जांभळ्या दोऱ्यांचे बारीक गोंडे, एका देठावर वीस-पंचवीस. जवळून बघितलं तर काहीच नाही. लांबून बघितलं तर अख्ख्या डोंगरावर धुकं बसल्यासारखं वाटतं. पान चुरगाळलं की आंब्याच्या चिकासारखा उग्र वास. तो वास बोटांना दिवसभर राहतो, साबणालाही दाद देत नाही.

दादा पुढं नारळाची पिशवी घेऊन चालला होता. माझ्यामागं वनरक्षक. पन्नाशीचे असतील, मिशा पिकलेल्या. ते म्हणाले, "ताई, वाट सोडू नका. गव्यांचा वावर हाय."

मी हो म्हटलं. पण देवळाशी पोचल्यावर मला फणसाचा शेंडा दिसला. आमच्या अंगणातला फणस. देवळापासून चाळीस पावलं असेल नसेल. मधे फक्त ओसाडी होती.

गाव का उठलं, कुणी उठवलं, ते सांगणारी माणसं पुष्कळ आहेत. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, मी दहा वर्षांची होते. मला आठवतात ते वास. भिजलेल्या घोंगडीचा, भाजलेल्या नाचणीचा, चुलीवर उकळणाऱ्या हुलग्याच्या कढणाचा. भाताच्या खाचरात पाय रुतला की येणारा थंड, कुजकट, पण हवाहवासा वास. आणि आवाज. वडील समोरच्या उतारावरून जनावरांना हाक घालायचे, ती हाक कड्यावर आपटून परत यायची. त्यामुळं एकच हाक दोन माणसं घालतात असं मला लहानपणी वाटायचं.

ओसाडी तेव्हाही होती, पण बांधावर, पडक्या गोठ्याच्या मागं. कोयता लागला, ठेच लागली की आई दोन पानं तळहातावर चोळायची आणि तो हिरवा रस जखमेवर पिळायची. रक्त थांबायचं. दादाच्या गुडघ्यावर अजून तो वण आहे. याखेरीज ओसाडीचा कुणाला उपयोग नव्हता. गुरं तोंड लावत नसत. लाकूड असं नाहीच, आत पोकळ काड्या. देवीला ते फूल चालत नसे.

मग ट्रक आले. सामान ट्रकात, माणसं सामानावर. कराडला थांबून सगळ्यांनी चहा घेतला. मी इतका मोठा रस्ता पहिल्यांदा बघितला. दिवस कलता कलता आम्ही सांगलीकडच्या सपाटीवर उतरलो. एका ओळीत पत्र्याच्या शेडी, प्रत्येक शेडीवर रंगानं काढलेला आकडा. आमची सतरा नंबर. पुढं लांबवर डांबरी रस्ता, मागं पाटाचा बांध, त्याच्यापलीकडं उसाची शेतं. जवळच्या कारखान्याच्या मळीचा गोडूस, आंबूस वास हवेत कायमचा बसलेला.

सगळे जण जमीन बघत होते. काळी आहे, चांगली आहे, असं पुरुष म्हणत होते. आई मात्र गोल फिरून चारी दिशांना बघत राहिली. मी तिचा हात धरला होता. ती अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आडोसा कुठं हाय?"

तेव्हा मला वाटलं ती सावलीचं बोलतेय.

वर डोंगरात बाईमाणसाला कुठं जायचं हा प्रश्नच नव्हता. चार पावलं टाकली की झाड, झुडूप, दगड. इथं मात्र कोंबडी चालली तरी रस्त्यावरून दिसायची. शेजारच्या गावातली माणसं सायकलवरून जाताना वळून वळून बघायची, आम्हाला डोंगरी म्हणायची. वाईट अर्थानं नसेल, पण म्हणायची. ऊस उंच असेपर्यंत बायका उसात जायच्या, तर शेतमालक ओरडायचे. ऊस तोडला की तेही गेलं. मग उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर, एवढ्याच दोन वेळा उरल्या. मधला अख्खा दिवस बायका थांबायच्या.

आईनं पाणी प्यायचं सोडलं. आम्हाला ते कळायला वर्ष गेलं. ती सगळ्यांना पाणी द्यायची, स्वतः ओठ ओले करायची. उन्हाळ्यात तिचे ओठ फुटून रक्त यायचं. वर होती तेव्हा ती सारखी कुठंतरी निघालेली असायची, करवंदांना, लाकडाला, माहेरच्या वाडीला. इथं आल्यावर ती शेडीच्या दारात बसायला लागली. दारातून बाहेर नाही, आतही नाही. वडील एकदा म्हणाले, चारी बाजू मोकळ्या आहेत, जरा फिरून ये. आई म्हणाली, मोकळ्या आहेत म्हणून तर जाता येत नाही.

वैशाखात तिला ताप भरला, पोटात कळा यायला लागल्या. वडिलांनी तिला मिरजेला दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "पाणी का पीत नाही तुम्ही?" आई खाली बघत बसली. वडील माझ्याकडं बघायला लागले. मला कारण माहीत होतं, पण परक्या पुरुषासमोर ते सांगायची लाज वाटली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

पुढच्या पौषात पहिल्यांदा देवीला जायची परवानगी मिळाली. आई गेली. संध्याकाळी सगळे परत आले, कुणी अंगारा आणला, कुणी घराच्या मूठभर मातीचा पुडा. आईच्या काखेत ओलं गोणपाट होतं. तिनं ते सोडलं तर आत ओसाडीची तीन रोपं, मुळांसकट. वस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक जण म्हणाली, लोकं देवाचं आणतात, हिनं तण आणलं.

आई म्हणाली, "आपल्या उंबऱ्यात उगवली हुती."

वडिलांना तिनं एवढंच सांगितलं. घराचं बाकी काय काय शिल्लक होतं ते तिनं कधी सांगितलं नाही.

शेडीच्या मागं, पाटाच्या बांधाखाली पाझर होता. तिथं तिनं ती रोपं लावली. कुणी ओसाडीला आळं केलेलं मी त्याआधी आणि त्यानंतर बघितलं नाही. दोन पावसाळ्यांत त्या तीन रोपांची जाळी झाली, माणसाच्या वर गेली. मधे मधे आईनं कोयत्यानं फांद्या छाटून आत वाट ठेवली, वाकडी, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला शेवट दिसू नये. पहिल्यांदा भरदुपारी ती तिकडं गेली आणि परत आली तो दिवस मला लख्ख आठवतो. तिनं हात धुतले, माठातून तांब्या भरला आणि उभ्यानं, घटाघटा, सगळा संपवला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं. मग दुसरा तांब्या भरला. आम्ही दोघं भावंडं बघत राहिलो. हसणाऱ्या बायका आठवडाभरात एकेक करून यायला लागल्या. आईनं फक्त वाट अजून थोडी आत वाढवली.

पलीकडच्या उसाचे मालक एक दिवस बांधावर येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, हातात काठी. त्यांना सगळे आण्णा म्हणत. माणूस कडक, पण शब्दाचा नेक. वडील कामावर गेले होते. आण्णा म्हणाले, ही वनस्पती वाऱ्यावर बी सोडते, उद्या माझ्या रानात शिरेल, आत्ताच उपटून टाका. आई परक्या पुरुषाशी कधी बोलत नसे. ती पदर पुढं ओढून शेडीच्या कोपऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली,

"आवं आण्णा, तुमच्या घरच्या बायका कुठं जात्यात?"

आण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बराच वेळ ते त्या झुडपांकडं बघत होते. मग म्हणाले, "फूल वाळायच्या आत शेंडे छाटायचे. एक बी उडालं न्हाई पायजे." आणि निघून गेले.

तेव्हापासून दर पौषात वस्तीतल्या बायका विळे घेऊन ओसाडीचे शेंडे छाटायच्या. ऐन फुलोऱ्यात. फुलपाखरं असायची, शेकड्यांनी, निळी, ठिपक्यांची. विळा चालला की एकदम उठायची आणि परत त्याच फांद्यांवर बसायला बघायची. माझ्या केसांत, कानांत ते बारीक दोरे अडकायचे. छाटलेल्या फुलांचा ढीग ऊन लागलं की मधासारखा वास सोडायचा, आणि खालून पानांचा उग्र वास. बायका गाणी म्हणायच्या, वरच्या गावातली, भलरीची. वर्षातला तेवढा एक दिवस वस्तीत गाव असल्यासारखं वाटायचं. मला त्या फुलांचं वाईट वाटायचं. आईला नाही. ती म्हणायची, आपल्याला पान पाहिजे, फूल घेऊन काय करायचं?

पण हळूहळू एक झालं. आई त्या जाळीतून बाहेर येईनाशी झाली. काम आवरलं की आत जाऊन बसायची. मधोमध तिनं बसायपुरती जागा केली होती. तिथून ना रस्ता दिसायचा ना शेडी. मी हाक मारायला गेले की ती तांदूळ निवडत किंवा नुसतीच बसलेली दिसायची, तोंडावर हिरवा उजेड. मी मोठी होत होते. शाळेत पोरी मला ओसाडी म्हणायच्या. शिक्षकांनी घरचा पत्ता विचारला की मागून कुणीतरी खुसफुसायचं, तेच ते, तणातलं घर.

मी एकोणीस वर्षांची असताना कुपवाडचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात लेथवर. बघायला रविवारी येणार होते. फाल्गुन होता, ओसाडी वाळून करकरीत झालेली. मी वडिलांना म्हटलं, रस्त्यावरून शेडीच्या मागचं ते जंगलच आधी डोळ्यांत भरतं, पाहुणे काय म्हणतील? वडील म्हणाले, तुझ्या आईला विचार. मी विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी आई दळण घेऊन गिरणीत गेली होती. मी काडेपेटी घेतली.

वाळलेली ओसाडी जळत नाही, फुटते. पोकळ काड्या फटाक्यांसारख्या वाजत होत्या. मला वाटलं होतं कडेची चार झुडपं जळतील. वारा पाटाकडून होता. बघता बघता सगळी जाळी एका ज्वाळेत उभी राहिली, आणि शेडीचा पत्रा तापून कुरकुरायला लागला. माणसं घागरी घेऊन धावली. शेडी वाचल्या. ओसाडी उरली नाही.

आई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आली तेव्हा धूर निघत होता. तिनं डबा खाली ठेवला. काळ्या जमिनीवरून, शेडींच्या मधून थेट डांबरी रस्ता दिसत होता, त्यावरून जाणारी एसटी, एसटीच्या खिडकीतली माणसं. त्यांनाही आम्ही दिसत असणार. मी काहीतरी बोलणार होते. आई म्हणाली, "हात धू. वास येतोय." रविवारी तिनंच पोहे केले. मी पसंत पडले.

त्यानंतर वर्षभरानं वस्तीत संडास बांधले गेले. पण ते एक वर्ष मधे होतं. त्या एका वर्षात आई काय करत होती ते मी विचारलं नाही, आणि मी तिथं नव्हते.

मी कुपवाडला होते. कारखान्यांच्या मागच्या चाळीत दोन खोल्या. आठ बिऱ्हाडांना मिळून टोकाला दोन संडास, आणि त्यांच्या वाटेवर एक कट्टा. कट्ट्यावर कारखान्यातली पाळी संपलेली, पुढच्या पाळीला जाणारी माणसं बसलेली असायची, तंबाखू मळत. वाईट माणसं नव्हती. पण हातात डबा घेऊन त्यांच्यासमोरून जायचं माझ्यानं होईना. मी पाणी कमी केलं. लग्नाला सहा महिने झाले नसतील, मला ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि पाणी का पीत नाहीस म्हणून विचारलं. मला तिथं टेबलावर रडू फुटलं. नवऱ्याला वाटलं दुखतंय म्हणून रडते.

आता आमच्या घरात सगळं आहे. फक्त शेजारच्या वर्कशॉपनं भिंत वाढवली, तेव्हापासून स्वयंपाकघराची खिडकी उघडली की हातावर सिमेंट लागतं. सासूबाई अकरा वर्षं अंथरुणावर आहेत, अर्धं अंग गेलंय. त्यांना कूस बदलायलाही मी लागते. नवरा भला माणूस आहे, पण कामावरून येतो आणि यंत्रासारखा झोपतो. अकरा वर्षांत मी एक रात्र बाहेर राहिलेली नाही. यंदा शेजारणीला एका दिवसासाठी बसवून आले होते.

म्हणून फणसाचा शेंडा दिसल्यावर मला राहवलं नाही. आरती सुरू झाली, सगळ्यांचे डोळे देवीकडं होते. मी बाजूला झाले आणि ओसाडीत शिरले.

पहिली दहा पावलं जमली. मग काड्या एकमेकींत गुंतलेल्या, एक बाजूला केली की तिच्यामागून तीन पुढं यायच्या. बांगड्या अडकल्या, पदर अडकला. पायाखाली काहीतरी घट्ट लागलं, दगड असेल, कुणाचं जोतं असेल. मी मान वर केली तर फणस दिसेना. मागं वळले तर वाट नाही. चारी बाजूंना फुलं, आणि त्यांच्यावर ऊन. मी घाबरले. मी तशीच थांबले.

मग हळूहळू लक्षात आलं की मला कुणी बघत नाही. कुणाला माहीत नाही मी कुठं आहे. कुणी हाक मारत नाही, कुणाला पाणी नको, कूस नको, डबा नको. किती वर्षांत असं झालं नव्हतं. मी खाली बसले. हिरवा उजेड होता. देवळातली घंटा फार लांबून आल्यासारखी येत होती. आई त्या जाळीत बसून काय करायची ते मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि मी काय जाळलं तेही.

घरापर्यंत मी पोचलेच नाही. वनरक्षकांनी हाका मारल्या, दादा ओरडत आला, दोघांनी मिळून फांद्या तोडून मला बाहेर काढलं. वनरक्षक रागावले नाहीत. म्हणाले, दरवर्षी कुणीतरी शिरतंच. घर कुणालाच सापडत नाही.

परतताना दादानं वस्तीवर जीप थांबवली. आता शेडीच्या जागी दादाचं स्लॅबचं घर आहे. आई व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. गुडघे गेलेत, डोळ्यांना कमी दिसतं. दादा म्हणाला, चहा घे, मग तुला फाट्यावर सोडतो, कुपवाडची शेवटची गाडी तेवढी आहे.

मी आईच्या पायाशी बसले. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली. तिनं घर दिसलं का ते विचारलं नाही. मीच विचारलं. चोवीस वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते.

"आई, मी जाळली तवा तुला राग आला न्हाई का?"

आत वहिनी कप विसळत होती.

"आला की. लय आला," ती म्हणाली. "पर पावनं येणार हुतं. म्हनलं, जाऊ दे. मी तर काय हितनं सुटत न्हाई. ही एक तरी सुटंल." मग माझा चेहरा दोन्ही हातांत घेऊन, कमी दिसणाऱ्या डोळ्यांजवळ नेऊन तिनं विचारलं, "सुटलीस न्हवं, बाय?"

दादानं रस्त्यावर हॉर्न वाजवला.

"व्हय," मी म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून उठले. गाडी चुकवून चालणार नव्हतं.